चौदाव्या पानावरची पेन्सिल

ठेवा तो पेन ड्राइव्ह टेबलावर, त्याला काय पाय फुटणार न्हाईत. तुमचं बुक मी लावून देतो, कडा सरळ, ओळी सरळ, सगळं देतो. पण आधी बसा. ते स्टूल डुगडुगतंय, भिंतीला टेकून बसा. एक भानगड सांगतो, माझ्याच आयुष्यातली. ती ऐकल्याबिगर मी तुमच्या फायलीला हात लावणार न्हाई. आन् हसू नका. चौथी शिकल्याला म्हातारा काँप्युटरची गोष्ट सांगतोय म्हणून आत्ता हसताय, पुढं हसायचं राहत न्हाई.

अठ्ठ्याण्णव साल. एप्रिल महिना, सोमवार सकाळ. मी रावजीशेठच्या छापखान्यात ओळी जुळवायच्या कामाला होतो. तिथलं कुलूप काढतोय तवर माळावरच्या कोल्ड स्टोरेजचा शिपाई आला. सायकल स्टँडवर लावायलासुदीक थांबला न्हाई, आडवी टाकली दारात.

"भूपालअण्णा, चेअरमननी बोलावलंय. तुम्हाला आन् शेठला. त्या हिरव्या कव्हरच्या बुकाच्या चार प्रती घेऊन."

"का? आणि छापायचीत व्हय?"

"छापायचं मरू द्या. बेदाणा भिजलाय. सहाच्या सहा रूममधला. आक्काताईनं भिजवलाय म्हणत्यात."

मी काढल्यालं कुलूप परत लावाय लागलो. का ते पुढं सांगतो.

तुम्ही पुण्याकडचे, म्हणून फोड करून सांगतो. आमच्या तासगावच्या पट्ट्यात द्राक्षं वाळवून बेदाणा करत्यात. तो हिरवागार राहावा म्हणून गार खोलीत ठेवायचा. ऊब लागली की लाल पडतो, ओल लागली की चिकटून गोळा होतो. त्या साली माळावर नवं मशीन बसवलंतं. सहा रूमचा गारठा एका काँप्युटरवर. आत्तासारखा रंगीत न्हाई हां. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्र न्हाई, माऊस न्हाई. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचा. मशीन मुकाट ऐकतं. पुण्याच्या एका कंपनीनं ते बसवलंतं, आन् कुठला हुकूम कसा टाइप करायचा त्याचं बुक आमच्याकडं छापायला आलंतं. ते हिरव्या कव्हरचं.

हुकूम टाइप करायला आक्काताई गुरव. तिशीची, बारावी झाल्याली. तिचा नवरा तिथंच हमाल. बायको पंख्याखाली खुर्चीत आन् नवरा पाठीवर पेटी घेऊन, गावानं चेष्टा करायची काय बाकी ठेवली न्हवती. "काय रं, सायेबीण काय म्हणती?" असं. ती कुणाला उत्तर द्यायची न्हाई. तीन महिने कंपनीचा माणूस तिला शिकवत होता. शुक्रवारी तो गेला. शनिवार तिचा एकटीचा पहिला दिवस.

आम्ही गेलो तर आवारात ताडपत्रीवर पेट्या पसरल्याल्या. पुठ्ठा लगदा झाल्याला. आंबूस गोड वास आन् माश्या. आत आप्पा चेअरमन, शेजारी पुण्याचे सबनीस साहेब, त्यांनीच ते मशीन बसवलंतं. आक्काताई उभी. आम्ही दोघं बसलो तरी चार खुर्च्या रिकाम्या होत्या बरं का, पण ती उभी. आन् टेबलावर एक टाइप केल्याला कागद. वाचता येत होता लांबून. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' खाली सहीला जागा.

सबनीस साहेब बोलत होते. "मी आधीच सांगितलं होतं आप्पासाहेब. थोडी शिकलेली माणसं द्या. मशीनमध्ये सगळी नोंद असते. शनिवारी पाच वाजून दहा मिनिटांनी यांनी डिफ्रॉस्ट एवढंच लिहून एंटर मारलंय."

"म्हंजे काय ते मराठीत सांगा," आप्पा म्हटले.

"पाइपांवर बर्फ चढतो. तो वितळवायचा हुकूम डिफ्रॉस्ट. त्याच्यापुढे, त्याच ओळीत, रूम कुठली, किती मिनिटं, पंखा चालू का बंद, सगळं द्यायचं. काहीच दिलं नाही तर मशीन समजतं, सगळ्या रूम, आणि थांब म्हणेपर्यंत. रविवारभर सहाही रूम वितळत होत्या. पाणी पेट्यांवर."

"मी बुकात बघून मारलं," आक्काताई म्हटली. "हाय तसंच. पहिली ओळ मारली, एंटर. ओके आलं. दुसरी ओळ मारली तर इंग्रजीत काय तरी एरर आला. मी पुण्याला फोन लावला. तीनदा. कुणी उचलला न्हाई. रजिस्टरात लिहिलंय."

"शनिवारी आमचं ऑफिस दोनपर्यंत असतं."

"मशीन बी दोनला बंद करत जाऊ का मग?"

आप्पांच्या मिशीत हसू आलतं, पण त्यांनी ते गिळलं. बाहेर सहा रूमचा माल सडत होता, हसणार कुठनं.

सबनिसांनी माझ्या हातातनं बुक घेतलं आन् वाचलं, फडाफडा. "डिफ्रॉस्ट, रूम तीन, मिनिटं वीस, पंखा बंद. किती स्पष्ट आहे. पाचवीतलं पोर वाचेल."

ह्या माणसानं सगळं एका दमात वाचलं. बुकात ते एका दमात न्हवतंच! चौदाव्या पानावर 'डिफ्रॉस्ट' एकटं, ठळक, आपल्या ओळीत. बाकीचं खालच्या ओळीत. आन् पहिल्याच पानावर चौकटीत, 'प्रत्येक ओळ संपल्यावर एंटर दाबावे.' तिनं ओळ संपल्यावर एंटर दाबलं. आणि काय करायचं होतं तिनं? मी तोंड उघडणार तवर शेठनं टेबलाखाली माझ्या मांडीला असा चिमटा काढला, की आठ दिवस काळंनिळं होतं.

आक्काताई म्हटली, "ही एक ओळ का दोन, असं मी विचारलंतं. कच्चं छापून माळावर तपासायला आलंतं तवाच. पेन्सिलनं लिहून दिलंतं."

"कुठे आहे ते?" सबनीस. "दाखवा ना."

"कागद छापखान्यात गेला."

सगळी आमच्याकडं बघाय लागली. शेठ म्हटला, "बघायला लागंल. जुने कागद रद्दीत जात्यात आमच्याकडं."

धादांत खोटं! माझ्या हातनं गेल्याला एक कागद कधी रद्दीत गेला न्हवता.

आप्पांनी घड्याळ बघितलं. "आक्काताई, उद्या बारापर्यंत सही कर. न्हाई केलीस तर मला पोलिसात द्यावं लागंल, मुद्दाम केलं म्हणून. शेतकरी दारात येऊन बसल्यात. मला कुणाचं तरी नाव द्यायलाच पायजे."

बघा, काय बोलणं हे! कुणाचं तरी नाव. आन् ती बाई म्हटली, "माझ्या हातनं चूक झाली असती तर काल रातीच सही केली असती, आप्पा. झाली न्हाई. मी करत न्हाई." नवरा बाहेर भिजल्याल्या पेट्या वाहत होता. दोघांची भाकरी त्या कागदावर होती.

छापखान्यात आल्या आल्या शेठ एकदम खुशीत. "भूपाल, तारंवरचं प्रूफ काढ."

तार म्हंजे काय, तर पहिली छपाई कच्ची काढायची, त्याला प्रूफ म्हणायचं. गिऱ्हाइकानं तपासून सही केली की मग पक्कं छापायचं. सही झाल्यालं प्रूफ मी तारंच्या आकड्याला टोचून ठेवायचो. पंधरा वर्षांचे कागद होते त्या आकड्यांना, वाळल्याल्या मिरच्यांसारखे. मी काढलं. शेवटच्या पानावर सबनीस साहेबांची सही, झोकदार. 'छापण्यास हरकत नाही.'

"मिटलं!" शेठनं मांडीवर थाप मारली. "सही त्याची. आपण मोकळं. त्यानं न बघता सही ठोकली, त्याचं तो बघंल."

मी चौदावं पान काढलं. शेठनं चष्मा लावला. बघितलं.  मग हळूच म्हटला, "एवढं पान काढून टाक."

"का?"

"का विचारतोस? तुला दिसत न्हाई व्हय? नुसतं सहीचं पान नेऊ."

"मग आक्काताईचं काय?"

"आक्काताई माझी कोण लागती? भूपाल, कोल्ड स्टोरेजचं सगळं छपाईचं काम आपल्याकडं हाय. आन् तुझं काय व्हईल ते बघ आधी. साठीला आलास. ह्या वयात दुसरा छापखानावाला दारात उभा करंल का तुला?"

त्यानं पान ओढलं, मी ओढलं. कोपरा फाटला. दोन म्हातारी माणसं एका कागदासाठी झोंबाझोंबी करत होती, बघणाऱ्याला हसू आलं असतं. शेवटी मी पान बनियनच्या आत घातलं आन् म्हटलं, "आता काढ बघू." आन् घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी एकटा माळावर. सायकल हातात धरूनच गेलो, बसलो न्हाई. लवकर पोचायचं न्हवतं. तीच खोली, तीच माणसं, तीच बाई उभी. कागदाशेजारी आता पेनसुदीक काढून ठेवल्यालं.

मी म्हटलं, "आप्पा, एक काम करा. साहेबांना म्हणावं बुक बघून हुकूम टाइप करा. एंटर मारू नका म्हणावं, नुसता टाइप करा."

सबनीस हसले. खुर्ची ओढली, पडद्याकडं तोंड केलं आन् दहा बोटांनी खटाखट सगळी ओळ उमटवली. एका सरळ रेघेत. बुक टेबलावर मिटल्यालंच.

"बुकात न बघता?" आप्पा म्हटले.

"मला बुक लागत नाही आप्पासाहेब. सिस्टिम मी लिहिलीय."

"मग बुक कुणासाठी केलंय?"

 मी बुक उघडून चौदावं पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "आता हे बघून करा. पहिल्या पानावर काय लिहिलंय? ओळ संपली की एंटर. हितं ओळ कुठं संपतीया? बोट ठेवा."

त्यांनी बोट ठेवलं न्हाई. आप्पांनी ठेवलं. 'डिफ्रॉस्ट'च्या पुढं. आन् आप्पांनी बोट तिथंच ठेवून वर बघितलं.

"हे तुम्ही तपासलं न्हवतं?"

"प्रेसनं फॉरमॅट बदललाय. आम्ही दिलेल्या मजकुरात ओळ एकच होती."

"पण सही तुमची," मी म्हटलं आन् सहीचं पान टाकलं. मग बनियनमधनं चौदावं काढलं. घामानं ओलं झालंतं. "आन् हे आक्काताईचं."

समासात पेन्सिलनं, बारीक, शाळेतल्या अक्षरात लिहिल्यालं होतं. 'ही एक ओळ आहे की दोन? शिकवताना एकच सांगितली होती. कृपया कळवावे. आ. गुरव.' आन् दोन्ही ओळींना जोडणारा एक कंस.

आक्काताईनं पान बघितलं.  तिनं नुसती खुर्ची ओढली आन् बसली.

सबनीस म्हटले, "हे काल रात्री लिहिलं नसेल कशावरून? पेन्सिल आहे. गावातली माणसं तुम्ही, एकमेकांना सांभाळून घेणार."

ह्यालाच मी भीत होतो सोमवारपासनं. तुम्हाला मी सगळं सांगितलं, पण एक सांगितलं न्हाई. शेठ ते पान का फाडायला निघालाता, ते.

त्या पेन्सिलच्या अक्षरांवर एक लाल काट होती. बॉलपेनची, तिरकी, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. खाली तारीख, नऊ मार्च, आन् 'भू'.

आमच्या धंद्याची रीत अशी. प्रूफावरची दुरुस्ती केली की तिच्यावर बरोबरची खूण करायची. घ्यायची नसंल तर काट मारायची, तारीख टाकायची. आन् शाईची खूण ती खरी, पेन्सिलची मोजायची न्हाई, कुणीतरी चाळता चाळता केल्याली असती. मी ते वाचलंतं. नीट वाचलंतं. बुक खिशात मावंल असं बारकं करायला सांगितलंतं आप्पांनी, आन् ती ओळ वीतभर लांब, पानाबाहेर जायची. चाळीस वर्षं मी लग्नपत्रिका लावल्या. मोठं नाव ठळक करून वर घ्यायचं, बाकीचं खाली, दोन्हीकडच्या कडा भिंतीसारख्या सरळ. हुकूमसुदीक तसाच लावला मी. काय देखणं पान दिसत होतं! आन् समासात ही बाई विचारती, एक का दोन. मी शेठला काय म्हटलो ते अजून कानात हाय. "आता पेट्या मोजणाऱ्यांनी आम्हाला ओळी लावायला शिकवायच्या व्हय?" आन् मारली काट.

सबनिसाला मी दोन दिवस मनात शिव्या देत होतो. शिकल्याला माजोरी म्हणत होतो. त्यानं तर पानं न उलटता सही केलीती, तिचा प्रश्न बघितलाच न्हवता. बघितला मी.

"ही लाल काट माझी," मी म्हटलं. "तारीख मार्चमधली हाय. तारंचं भोक बघा, काटेवरनं गेलंय, गंज लागलाय भोवती. एका रात्रीत गंज चढत न्हाई. तिनं विचारलंतं, आप्पा. मी वाचलं आन् मी खोडलं. नाव पायजे ना तुम्हाला? भूपाल बाळाप्पा मगदूम. लिहा."

 बाहेर पेट्या आपटत होत्या तेवढा आवाज. मग आप्पांनी तो सहीचा कागद उचलला, चार तुकडे केले आन् खिशात घातले. टोपलीत टाकले न्हाईत, त्यांची त्यांनाच लाज वाटली असंल. सबनीस म्हटले, "तरीसुद्धा ऑपरेटरनं कॉमन सेन्स वापरायला हवा होता." लेकाचा! शेवटपर्यंत हेच. चूक झाली, हे दोन शब्द त्याच्या तोंडातनं आले न्हाईत ते न्हाईतच. नंतर कंपनीनं दुसरा माणूस धाडला आन् ह्याला दुसऱ्या गावाला. तिथंबी बुकं छापली असतील त्यानं.

मला वाटलं, आता आक्काताई हात जोडंल, अण्णा तुम्ही वाचवलं म्हणंल. माणूस किती निलाजरा असतो बघा. ती माझ्यामागनं सायकलपर्यंत आली.

"अण्णा, काट मारलीत ते मारलीत. पण कागद परत का न्हाई पाठवला?"

"आं?"

"मी वाट बघत होते. रोज विचारायचे शिपायाला, छापखान्यातनं काय आलं का. मग एकदम बुकच आलं, पक्कं छापून. त्यात ओळी दोनच. मी म्हटलं, मोठ्या माणसांनी बघितलं, ठरवलं, हेच त्यांचं उत्तर. म्हंजे मला शिकवणाऱ्याचं चुकलं असंल. म्हणून शनिवारी मी माझ्या डोक्याचं न ऐकता तुमच्या बुकाचं ऐकलं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पोलीस आले असते तरी परवडलं असतं.

"नुसतं 'न्हाई' असं लिहून पाठवलं असतं," ती म्हटली, "तर मी येऊन भांडले असते तुमच्याशी. मला कळलं तरी असतं की हे एका माणसाचं मत हाय."

मग ती भांडलीच. आठ दिवसांनी छापखान्यात आली, माझ्याशेजारी स्टूल घेतलं, तुम्ही बसलाय तेच, आन् सगळं बुक परत लावून घेतलं माझ्याकडनं. पान आडवं केलं, लांब ओळ लांबच ठेवली. एकूण अकरा हुकूम मी असे मोडून ठेवलेते. अकरा! एकच फुटला म्हणून कळलं. कडा वाकड्यातिकड्या झाल्या, एक ओळ हितं संपती, एक पार तिथं. मी म्हटलं, "पोरी, दिसायला भिकार दिसतंय गं." ती म्हटली, "मशीनला डोळे न्हाईत, अण्णा." शेठ आत बसून फणफणत होता. दिवाळीनंतर त्यानं मला काढलं. चूक माझी होतीच, मी भांडलो न्हाई. तवापासनं हे दुकान, येताना ते स्टूल तेवढं मागून आणलं.

आक्काताई आठ वर्षं होती त्या खुर्चीवर. नंतर माळावर दुसरं मशीन आलं, रंगीत, तेबी तिनंच चालवलं. ते आडवं बुक खिशात मावायचं न्हाई. खिळ्याला टांगून ठेवलंतं तिनं.

तर असं हाय. आता आणा तुमचे कागद. पेन ड्राइव्ह राहू द्या, हे छापील कागद आणा, तुम्ही वापरून बघायला दिल्ते म्हणता ते. ओळी नीट लावून द्या, फॉरमॅट सुधारा, एवढंच काम म्हणालात ना? लांब ओळी पानात बसवा म्हणालात. बघू. हं. आन् हे काय हो, सव्विसाव्या पानावर? कडेला. पेन्सिलनं कुणीतरी लिहिलंय, 'हे असं केलं की माझ्याकडं सगळं पुसलं जातं. बरोबर आहे का?' खाली नाव हाय, फोन नंबर हाय.

कोण हा? माहीत न्हाई? फक्त तपासायला दिल्याला एक माणूस?

खोडरबर ठेवा खिशात. फोन काढा आन् लावा ह्या नंबरला, आत्ता, हितं माझ्यासमोर. मी च्या सांगतो दोन. त्याच्याशी बोलणं झाल्याबिगर उठू नका तेवढं.